कोळशातल्या भेगा मोजताना

जलभंजनाने, म्हणजे आतला वायू मोकळा करण्यासाठी पाण्याच्या दाबाने खडक फोडण्याने, दगडी कोळशाच्या रंध्रांत आणि भेगांत काय बदल होतो, हा विषय मी पदव्युत्तर प्रबंधासाठी घेतला, तेव्हा जळगावात सगळ्यांनी एकच विचारले, की खानदेशात कोळसा आहे कुठे? नाहीच, इथे काळा पाषाण आणि तापीचा गाळ. दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा येतो खरा, परंतु तो फुटलेला असतो आणि त्यातली कोणती भेग सुरुंगाची, कोणती वाहतुकीची हे सांगता येत नाही. म्हणून चंद्रपूरकडच्या खाणीतून मोठी ढेकळे मिळवावी लागली.

खरी कसोटी ती जपण्याची होती. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात ओलावा बराच असतो. तो उडाला की कोळसा आकसतो आणि तडकतो, मग पाण्याच्या दाबाने पडलेली भेग आणि उन्हाने पडलेली भेग यांत फरक करणे अशक्य होते. जळगावच्या उन्हाळ्यात तर ही धास्ती अधिकच. ढेकळे ओल्या गोणपाटात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, आणि दंडगोल कापल्यावर प्रत्येकाचा सीटी स्कॅन जलभंजनाच्या आधीच करून घेतला. पुढच्या साऱ्या निष्कर्षांचा आधार हे आधीचे स्कॅनच होते.

कोळशातला बहुतेक मिथेन २ नॅनोमीटरपेक्षा लहान रंध्रांच्या भिंतींना चिकटलेला असतो. तिथून तो विसरणाने हळूहळू सरकतो आणि 'क्लीट' म्हणतात त्या, एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या नैसर्गिक भेगांत पोहोचल्यावरच दाबाच्या फरकाने वाहू लागतो. दंडगोलाला चहूबाजूंनी दाब देऊन मधल्या छिद्रात पाणी चढवले, तेव्हा दाब वाढत जाऊन एकदम कोसळला. नंतरच्या स्कॅनमध्ये नवी भेग किमान ताणाच्या दिशेला लंब निघालेली, पण क्लीट आडवी येताच वळलेली दिसली. कॅल्साइट या खनिजाने बुजलेल्या काही क्लीटही उघडल्या होत्या.

रंध्रांसाठी इस्पितळातल्या एमआरआयच्याच तत्त्वावर चालणारी एनएमआर चाचणी केली. तिच्या आलेखात मोठ्या रंध्रांचे आणि भेगांचे शिखर स्पष्ट उंचावले, सूक्ष्मरंध्रांचे जवळपास जागीच राहिले. रंध्रांत दाबाने पारा घुसवून केलेल्या चाचणीत मात्र सूक्ष्मरंध्रेही भरपूर दिसत होती, पण त्या आकड्यांवर माझा विश्वास बसला नाही, कारण उच्च दाबाखाली कोळसा स्वतःच दबतो आणि ते आकुंचन रंध्रांच्या खात्यात जमा होते. शेवटी उणे १९६ अंशांवरचे नायट्रोजनचे आणि शून्य अंशावरचे कार्बन डायऑक्साइडचे शोषण मोजले. त्यांनी एनएमआरलाच दुजोरा दिला. जलभंजन वायूची कोठारे वाढवत नाही, त्यांच्यापर्यंतचे रस्ते वाढवते, एवढे मी प्रबंधात ठामपणे लिहू शकलो.

हे रस्ते टिकतातच असे नाही. ते उघडे राहावेत म्हणून काही भेगांत वाळू भरली होती. पाण्याचा दाब काढून भोवतालचा दाब तसाच ठेवला, तेव्हा वाळू न भरलेल्या भेगा बऱ्याचशा मिटल्या. वाळू भरलेल्या उघड्या राहिल्या, तरी कोळसा मऊ असल्याने काही कण भिंतींत रुतले आणि भेगेत सुटलेल्या कोळशाच्या भुकटीने अरुंद जागा बुजवल्या. म्हणून वायुवहनाचे आकडे मी पाण्याचा दाब असतानाचे आणि तो काढल्यानंतरचे असे वेगवेगळ्या तक्त्यांत दिले.