दार्जिलिंगची टॉय ट्रेन: पैसे वाफेचे, गाडी डिझेलची

‘टॉय ट्रेन समाविष्ट’ छापलेल्या पॅकेजवर बेळगावहून थेट दार्जिलिंग गाठायचं, आणि पुढ्यात डिझेल उभं. पैसे मात्र वाफेच्या गाडीचे घेतलेले. तिथे एजंटाशी भांडून काही हाती लागत नाही, म्हणून आधीच वाचा.

दार्जिलिंग ते घूम स्टेशन आणि परत अशी दोनेक तासांची जॉय राइड असते. वाफेची वेगळी, डिझेलची वेगळी. गाडी क्रमांक वेगळे, वाफेचं भाडं बरंच जास्त. तिकीट आयआरसीटीसीवर स्वतः काढा. एजंटाकडूनच घेणार असाल तर रेल्वेचं तिकीट मागा, पॅकेजच्या पावतीवर गप्प बसू नका. पायथ्याच्या न्यू जलपाईगुडी स्टेशनहून दिवसभर चढत येणारी गाडी डिझेलची. तिच्यावर दिवस घालवू नका, वडापने, म्हणजे शेअर जीपने, वर या. वाफेचं इंजिन ऐनवेळी बिघडलं तर डिझेल जोडतात, तेव्हा राइड शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

वाफेचं इंजिन बी क्लासचं. ही मालिका 1889 ते 1925 या काळात बांधली गेली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 610 मिमी, चाकं चारच, व्यास 26 इंच. पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर, कोळसाही इंजिनावरच, मागे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. सगळं वजन चालत्या चाकांवर येतं म्हणून चढाला पकड मिळते. तरी धुक्यानं रूळ ओले झाले की चाकं जागच्या जागी गरगरतात, मग पुढे बसलेली माणसं हातानं रुळांवर वाळू टाकतात. कोळसा फोडायला आणखी एक माणूस.

यातलं डब्यातून काहीच दिसत नाही! सुटायच्या तासभर आधी स्टेशनाजवळच्या इंजिन शेडपाशी जा. एकाच गोष्टीला वेळ असेल तर राइड सोडा आणि रूळ ज्याच्या कडेनं जातात त्या हिल कार्ट रोडला रुळालगत उभे राहा. फुकटात जास्त दिसतं. राइडमध्ये वाटेत बतासियाच्या वळणावर गाडी थांबते दहा मिनिटं, सगळी सेल्फीत जातात. पांढरे कपडे नकोत, खिडकीशी डोळ्यांवर चष्मा हवाच, कोळशाची कणी डोळ्यात जाते.

जायचं कसं? लोंड्याहून अमरावती एक्सप्रेस कोलकात्याजवळच्या शालीमारला सोडते. न्यू जलपाईगुडीला जाणारी दार्जिलिंग मेल कोलकात्याच्या सियालदह स्टेशनहून सुटते, मधे टॅक्सी. त्याच रात्रीचं आरक्षण करू नका. पावसाळ्यात दरडी पडतात, जाऊच नका.

माथेरान जवळ पडतं खरं, पण तिथलं धुराड्याचं इंजिन आतून डिझेलच आहे.