खेळताना मूल जखमी झालं, तर बिल कोण भरतं?

लेकीचं मनगट सॉकर खेळताना मोडलं, तेव्हा साताऱ्याहून आईने आधी विचारलं, "फार दुखतंय का गं तिला?" आणि लगेच, "क्लबवाले खर्च देतील ना?" इथे न्यू जर्सीत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'हो' असं नाही, पण 'नाही' असंही नाही. आपली कितीतरी कुटुंबं डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) म्हणून मुकाट्याने पैसे भरतात आणि विषय संपवतात. म्हणून हे लिहितेय.

बिलं एकगठ्ठा येत नाहीत. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरचं वेगळं, आपण कधी तोंडही न पाहिलेल्या रेडिऑलॉजिस्टचं वेगळं, प्लॅस्टर घालणाऱ्या ऑर्थोपेडिकचं वेगळं. यातला एखादा डॉक्टर आपल्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी दर ठरवलेल्या डॉक्टरांच्या यादीत नसला, तरी इमर्जन्सीत त्याला वरचे पैसे आपल्याकडून उकळता येत नाहीत. 2022 पासून तसा केंद्राचा कायदा आहे. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्या कायद्यात येत नाही.

आता खरी कामाची गोष्ट. बऱ्याच लीग आणि क्लब खेळाडूंसाठी अपघात विमा काढतात. तुमचा इन्शुरन्स आधी पैसे देतो आणि तुमच्या माथी जे उरतं, ते ही पॉलिसी तिच्या मर्यादेत उचलते. कोणाची चूक होती, हे सिद्ध करावं लागत नाही. पण हे आपणहून कोणी सांगत नाही आणि मुदती कडक असतात. लिटल लीग बेसबॉलमध्ये अपघाताचा फॉर्म 20 दिवसांत पाठवायचा असतो. आम्ही क्लबच्या सेक्रेटरीला ईमेल केला, सगळी तपशीलवार बिलं आणि इन्शुरन्सचे हिशेबाचे कागद जोडले, आणि आमच्या डिडक्टिबलचा मोठा भाग परत मिळाला. कोर्टाची पायरीही चढावी लागली नाही. कॅलिफोर्नियात तर शाळेच्या संघांतल्या मुलांना असा विमा असलाच पाहिजे, असा कायदाच आहे.

"पण आपण सही करून दिलीय ना?" हा प्रश्न मैत्रिणी हमखास विचारतात. नोंदणीच्या वेळी 'दुखापतीची जबाबदारी आमची नाही' अशा कागदावर सगळेच सही करतात. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये व्हॅन्स स्केट पार्कच्या खटल्यात ठरवलं, की धंदा म्हणून चालवलेल्या अशा ठिकाणी आईवडिलांच्या सहीने मुलाचा नुकसानभरपाईचा हक्क जात नाही. त्याच कागदातली, कोर्टाऐवजी लवादाकडे जाण्याची अट मात्र त्या निकालातही टिकली. ओहायोत ना-नफा सॉकर क्लबच्या बाबतीत अशी सही ग्राह्य धरली गेली आहे. राज्य बदललं की कायदा बदलतो, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

आणि प्रत्येक दुखापतीवर दावा होत नाही, व्हायलाही नको. चेंडूच्या मागे धावताना दोघी एकमेकींवर आदळल्या, हा खेळाचा भाग आहे. देखरेखीत हयगय झाली तर गोष्ट वेगळी. न्यू जर्सीतल्याच ईस्ट विंडसरच्या एका शाळेत हॉकीच्या खेळाडू मुलीला शेजारच्या मैदानातला सॉकरचा चेंडू लागला. त्या खटल्यात 2022 मध्ये कोर्ट म्हणालं, की प्रशिक्षकाच्या देखरेखीतला साधा निष्काळजीपणा दाव्याला पुरतो, बेपर्वाई दाखवावी लागत नाही. सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवक कोचला मात्र इथे बरंच कायदेशीर संरक्षण आहे, आणि ते मला योग्य वाटतं. संध्याकाळी ऑफिसमधून थेट मैदानावर येणारी ही माणसं नसती, तर मुलं खेळलीच नसती.

न्यू जर्सीत दाव्याची मुदत साधारण 2 वर्षं. मुलांच्या बाबतीत ती 18 व्या वर्षापासून मोजतात. सरकारी शाळेला 90 दिवसांत नोटीस द्यायची असते. अल्पवयीनांना यातही सवलत आहे, तरी थांबू नका. मैदानाचे फोटो, साक्षीदारांची नावं नंतर मिळत नाहीत. अशा दाव्यांत वकील सहसा आगाऊ पैसे घेत नाहीत, फी भरपाईतूनच कापतात. मुलाचं प्रकरण कोर्टात सुनावणी सुरू होण्याआधीच मिटलं, तर वकिलाला फी रकमेच्या 25 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि तडजोडीला न्यायाधीशांची मंजुरी लागते.

मिळालेल्या भरपाईतून तुमचा हेल्थ प्लॅन काही वेळा स्वतःचा खर्च परत मागू शकतो. आपण नोकरी करतो त्या मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुतेकदा सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे उपचारांचे पैसे कंपनी स्वतःच देते, आणि त्यांचा हा हक्क पक्का असतो. म्हणून तडजोडीवर सही करण्याआधी एचआरकडून प्लॅनचं पूर्ण कागदपत्र मागवून घ्या आणि वकिलाला दाखवा.