पातं मधोमध आहे, पुढे?

"घडीचा चाकू नीट बनवलाय की नाही, हे हातात घेतल्यावर कसं ओळखायचं?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर देताना हल्ली माझा आवाज आपोआप चढतो. सोबत बहुतेकदा एक फोटो असतो. मिटलेला चाकू वरून टिपलेला, आणि मुठीच्या फटीत पातं केसभर एका बाजूला झुकलेलं. खाली एकच ओळ: "परत करू का?" आज सकाळी तुमचाही तसाच आला, लॉक जरा अडकतं या तक्रारीसह.

चिडायचा हक्क खरं तर मला नाही. ही सवय लोकांना लावणाऱ्यांत मीही आहे. कित्येक वर्षं मी हेच सांगत होतो की आधी मिटलेलं पातं बघा, मधोमध नसेल तर पुढचं बघूच नका. "ज्याला पातं मधोमध बसवता येत नाही, त्यानं पोलादाला पाणी नीट दिलं असेल यावर मी का विश्वास ठेवू?" असं एक वाक्यही मी तयार ठेवलं होतं. ऐकणारा गप्प व्हायचा. आता वाटतं, त्या वाक्यात वजन होतं ते फक्त माझ्या आवाजाचं. पोलादाला पाणी देणं, म्हणजे तापवून-थंड करून ते कडक करणं, भट्टीत होतं, पातं मधोमध येतं ते जुळणीच्या टेबलावर. एका कामावरून दुसऱ्याची परीक्षा होत नाही.

पातं का झुकतं, तेही सांगतो. लायनर लॉकच्या चाकूत मुठीच्या आतली एक लवचीक पट्टी उघड्या पात्याच्या बुडामागे, म्हणजे मुठीकडच्या टोकामागे, सरकून त्याला मिटू देत नाही. मिटलेलं पातं आपोआप उघडू नये म्हणून लॉकच्या पट्टीवर एक बारीक गोळी बसवलेली असते. ती पात्याच्या बुडातल्या खळग्यात बसते आणि पट्टीच्या जोरानं पात्याला कायम एका बाजूनं ढकलत राहते. एकाच बाजूनं. म्हणजे पातं थोडं पलीकडे सरकणार हे रचनेतच आहे. शिवाय पिव्हटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या खिळीचा, स्क्रू पाव फेरा कमीजास्त झाला, एक वॉशर जरा जाड निघाला, की फरक दिसतो. पातं आतल्या पट्टीला घासत असेल तर तक्रार करा. घासत नसेल तर तो दोष डोळ्यांपुरता. आणि मुख्य म्हणजे हे सगळं मिटलेल्या चाकूबद्दल आहे. उघडल्यावर पातं कुठे राहणार हे पिव्हट, थांब्याची पिन आणि लॉक मिळून ठरवतात. कापायचं असतं उघड्या पात्यानं, आणि फोटो मात्र मला नेहमी मिटलेल्याचे येतात.

पण तुम्ही विचारलंत म्हणून आता मामेभावाची गोष्ट सांगतो. ही मी आधीही सांगितली आहे, पण निम्मीच.

त्याच्याकडे ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा लाकडी मुठीचा चाकू होता. साधा. मुठीच्या तोंडाशी एक पोलादी कडं, पातं उघडून ते फिरवायचं की झालं. हे कडं त्या चाकूला १९५५ मध्ये आलं, आणि त्याहून साधं लॉक मी आजवर पाहिलेलं नाही. पावसाळी हवेत लाकूड फुगलं की पातं मुठीत घट्ट बसायचं, मग तो मुठीची मागची बाजू टेबलाच्या कडेवर ठोकून ते बाहेर काढायचा. मला ते बघवत नसे. "काय हे, चाकू आहे की अडकलेली खिडकी?" असं मी त्याला म्हणायचो. शेवटी मीच पसंत करून त्याला लायनर लॉकचा एक नवा चाकू घ्यायला लावला. मिटलेलं पातं इतकं अचूक मध्यावर की मी भिंग लावून दोन्ही बाजूंच्या फटी पाहिल्या आणि खूश झालो. उघडून टोक चिमटीत धरून हलवलं, ना वर-खाली हललं, ना आडवं. धारेची पट्टी दोन्ही बाजूंनी बुडापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीची. माझ्या तेव्हाच्या यादीप्रमाणे पैकीच्या पैकी.

सहा-सात महिन्यांनी आम्ही दोघं एक जाड रबरी पाइप उभा चिरत होतो. पलीकडचं टोक मी धरलं होतं. मधेच पातं रुतलं. कुणीही करेल तेच त्यानं केलं, मूठ डावी-उजवीकडे पिळत पातं ओढायला लागला. मला एक बारीक 'टिक्' ऐकू आली. तो ओरडला नाही. चाकू खाली पडला आणि त्यानं उजव्या हाताची मूठ डाव्या हातात घट्ट धरली. रक्त आलं, पण भीती वाटावी इतकं नाही. मी नळाखाली हात धरला, रुमाल गुंडाळला, "दोन टाके पडतील फार तर" म्हणालो. दवाखान्याच्या वाटेवर रुमाल जरा बाजूला करून तो बोटाकडे बघत होता. मग म्हणाला, "दादा, पुढचं पेर वाकत नाहीये."

तर्जनी, तळव्याच्या बाजूनं, मधल्या सांध्याच्या जरा पुढे. बोट वाकवणारी शीर, म्हणजे स्नायूबंध, पूर्ण तुटला होता. जखम पाऊण इंच. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, मग दीड महिना बोटाला स्प्लिंट, मग रोज ते बोट दुसऱ्या हातानं वाकवायचे व्यायाम, तेही डॉक्टरांनी सांगितलं तितकंच, कारण जास्त ताण दिला तर शिवलेला बंध पुन्हा तुटतो. आज ते पेर निम्मं वाकतं. बोटाच्या एका कडेला स्पर्श कळत नाही. शर्टाची बटणं तो मधल्या बोटानं लावतो. मी नसताना कशी लावतो ते मला माहीत नाही, माझ्यासमोर तरी तशीच लावतो.

मी तो चाकू घरी आणला, पुसला आणि टेबलावर ठेवून पुन्हा सगळ्या चाचण्या केल्या. पातं मधोमध. हालचाल शून्य. पात्याची पाठ लाकडावर टेकवून दाबली, बोटं वाटेतून बाजूला ठेवून. लॉक टिकलं. आणखी जोरानं दाबली. टिकलं. मग पात्याचं टोक लाकडी ठोकळ्यात रुतवलं, जाड हातमोजा घालून मूठ पिळली आणि पट्टीकडे बघत राहिलो. तिसऱ्या पिळाला ती पट्टी पात्याच्या बुडावरून आडवी सरकत गेली. टिक्.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. लायनरची पट्टी पातळ होती, मूठ पिळली की वाकायची, कारखान्यानं काटकसर केली होती. हे खोटं नाही. पट्टी खरंच पातळ होती.

आता उरलेली. चाकू नवा होता तेव्हा त्याचं लॉक अडकायचं. पट्टी बुडाला चिकटून बसायची आणि मिटताना अंगठ्यानं दोनदा ढकलावी लागायची. भाऊ म्हणाला होता, "चालतंय की." मला चाललं नाही. मी चाकू खोलला आणि पात्याच्या बुडाचा जो उतार पट्टीवर टेकतो, तो हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून आरशासारखा केला. जोडताना पिव्हटला तेल दिलं, ते साहजिकच तिथवरही गेलं. चाकू लोण्यासारखा मिटायला लागला. मी त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "आता बघ."

लायनर लॉक ही पाचर आहे. बुडाचा तो उतार साधारण ७ ते १० अंशांचा असतो आणि पट्टी त्यावर घर्षणाच्या जोरावर टिकते. उतार कमी असेल तर पट्टी चिकटून बसते, जास्त असेल तर घसरते. सगळं काम या दोहोंच्या मधल्या एवढ्याशा जागेत चालतं. किंचित अडकणारं लॉक म्हणजे घसरण्यापासून लांब असलेलं लॉक, हे मला तेव्हाही पाठ होतं. लोकांना सांगतही होतो. तरी घासलं, कारण अडकणं हाताला कळत होतं आणि घसरणं दिसत नव्हतं.

मग दोष कुणाचा? मी कारखान्याला सविस्तर तक्रार लिहिली, मोजमापांसकट. त्यांनी उलट एकच विचारलं, चाकू खोलला होता का? मी उत्तर पाठवलं नाही. आजही कधी वाटतं, उतार मुळातच जास्त असेल, घासण्यानं फक्त निमित्त झालं. असेलही. पण अडकत होता म्हणजे जास्त नसावा. आणि मूळ पृष्ठभाग कसा होता ते आता कुणीच सांगू शकत नाही, पुरावा मीच पेपरनं पुसून टाकलाय. भाऊ कधी काही बोलला नाही. एकदाच विचारलं त्यानं, "माझा जुना कुठे आहे रे?" तो माझ्याच खणात होता. कडं फिरवून बसवलं की त्यातलं पातं कितीही पिळलं तरी मिटायला वाट नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत होतं.

तर मी आता काय बघतो? आधी लॉक. पातं सावकाश उघडतो, झटका देऊन नाही, आणि पट्टी बुडाच्या जाडीवर कुठवर आली ते मागून उजेडात धरून बघतो. नव्या चाकूत तिसरा हिस्सा ते निम्मी जाडी झाकलेली असावी. जेमतेम कडेवर असेल तर मी तो हातात ठेवत नाही. पार पलीकडच्या पट्टीला टेकली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि स्वच्छ हवेत. खिशातला धाग्यांचा गोळा तिथे बसला की पट्टी अर्ध्यातच थांबते. पात्याची पाठ टेबलावर आपटून बघणारे बरेच आहेत, मीही होतो. आपटण्यानं चांगलं लॉकही ठेचलं जातं, आणि पिळलं तर ते काय करेल हे कळतच नाही.

स्क्रू बघा. सहा नंबरचे टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, स्क्रू इतके बारीक असतात की जरा जोर लावला की डोकं गुळगुळीत. पिव्हट एका बाजूनं सपाट कापलेला असेल तर फिरत नाही, सैल होत नाही. बनवणाऱ्यानं डोकं वापरल्याची ही खूण मला पातं मधोमध असण्यापेक्षा जास्त पटते.

लॉक नसलेला, पाठीच्या स्प्रिंगवर चालणारा चाकू असेल तर उघडा, अर्धा आणि मिटलेला अशा तिन्ही स्थितींत स्प्रिंगवरून नख फिरवा, पायरी लागू नये. मिटलेल्या पात्यात कागदाची चिंधी घालून पाठीवरून दाबा. चिंधीवर काप उमटला तर धार आत स्प्रिंगवर आपटते आहे आणि रोज बोथट होणार.

पोलादाच्या नावाबद्दल मला विचारू नका. म्हणजे विचाराल, माहीत आहे. पात्यावर कोरलेलं नाव वाचून त्याला पाणी कसं दिलंय ते कळत नाही. डी-२ नावाच्या पोलादात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं म्हणून लोक त्याला गंज लागणार नाही असं धरतात. त्यातलं बरंच कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कठीण कणांत, अडकलेलं असतं, आणि ओलं ठेवलं तर ठिपके पडतात. उलट व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपासचं, नाव मिरवण्यासारखं काही नाही, पण दगडावर चार हात मारले की धार परत येते. खोक्यातून काढल्या काढल्या हातावरचे केस उतरले म्हणून हुरळूनही जाऊ नका. यंत्रावर धार लावताना कडेचं पातळ पोलाद तापून मऊ पडलेलं असू शकतं. दोन-तीनदा घरी धार लावल्यावर पोलाद काय आहे ते कळतं, आणि तोवर परत करायची मुदत संपलेली असते. याला माझ्याकडे उपाय नाही.

एवढं सगळं लिहूनही कबूल करतो की आज सकाळी तुमचा फोटो उघडला तेव्हा माझी नजर आधी फटीवरच गेली. डावीकडे झुकलंय, हो. घासत नसेल तर ठेवा. लॉक जरा अडकतं असं तुम्ही लिहिलंय, ते घासू नका, तेल तर मुळीच नको. आणि फोटो पुन्हा पाठवा. उघड्या पात्याचा, मागून, उजेडात धरून.