प्रिंटर दोनदा घुरघुरायचा

आत्याचा फोन आला तो आरोपानेच सुरू झाला. “तू त्या कॉम्प्युटरला काय केलंस गं? प्रिंटर मेलाय.”

काय केलं होतं ते आधी सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. आत्याच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप तिच्या मदरबोर्डवर नाही. नवा कॉम्प्युटर घ्यायला ती तयार नव्हती. “चालतोय ना? मग कशाला?” म्हणून दिवाळीत मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. मेल उघडला, ऑफिस उघडलं, तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा फोल्डर उघडला. प्रिंटर तेवढा तपासायचा राहिला.

आत्या ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या जुन्या वाड्यात गाणं शिकवते. ती स्वतः माधव संगीत महाविद्यालयात शिकली. १९१८ साली माधवराव शिंद्यांनी पंडित भातखंड्यांच्या मदतीने काढलेली ही संस्था, त्यामुळे भातखंडे पद्धतीची स्वरलिपी तिच्यासाठी बाराखडीइतकीच जवळची. मुलांच्या परीक्षेआधी ती प्रत्येकाला बंदिशींचे कागद देते. यंदा चोवीस मुलं, प्रत्येकी सहा पानं. फोटोकॉपीच्या दुकानात गेलं की सगळं निस्तेज येतं, अशी तिची जुनी तक्रार. म्हणून हा लेझर प्रिंटर, वय वर्षं बारा. कंपनीचं नाव घेत नाही. एवढंच सांगते की या मॉडेलसाठी लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम, कंपनीने कधी दिला नाही, बाहेरच्या लोकांनी तो उलगडून उलगडून लिहिला.

शनिवारी सकाळी पोचले. डिसेंबरचं ग्वाल्हेर, बाहेर धुकं, आत सिगडी. आत्याने हातात गजक दिली आणि समोरच्या खोलीत नेलं. तिथे कॉम्प्युटर. प्रिंटर मात्र आतल्या तालमीच्या खोलीत, कपाटावर. मधली भिंत दोन हात जाड. त्यामुळे यूएसबीची केबल, तिला एक एक्स्टेंशन, त्याला आणखी एक एक्स्टेंशन, आणि सगळं खिडकीतून फिरवून आणलेलं.

प्रिंट द्यायची, तर स्क्रीनवर काही गडबड नाही. प्रिंटर मात्र ढिम्म.

पहिला प्रश्न, कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतो का? टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एलएसयूएसबी दिलं; यूएसबीवर काय काय जोडलंय त्याची यादी ते दाखवतं. कीबोर्ड दिसला, माउस दिसला, प्रिंटर नाही. केबल काढून पुन्हा लावली, तर दिसला. दोन मिनिटांनी पुन्हा गायब. मग डीमेसेज वाचलं, म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, आतल्या आत जी नोंद ठेवतो ती. तिथे लाल अक्षरांत तीच तीच ओळ: डिव्हाइस डिस्क्रिप्टर (उपकरणाची ओळखपत्रिका) वाचता आला नाही, एरर उणे ७१. या आकड्याचा अर्थ एवढाच की तारेवरचं बोलणं तुटक येतंय. बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा पोर्टचा असतो. यूएसबी २ ची केबल पाच मीटरच्या आत ठेवायची असते, आणि आमची माळ खिडकीला वळसा घालून सात-आठ मीटर तरी भरली असती. विंडोजवर इतकी वर्षं ती कशी चालली देव जाणे. कदाचित ती चालतही नसेल धड, आत्या दोनदा-तीनदा बटण दाबत असेल. विचारलं तर म्हणाली, “हो, दाबावं लागायचंच. मला वाटायचं तसंच असतं.”

प्रिंटर खाली उतरवला, कॉम्प्युटरशेजारी स्टुलावर ठेवला, दीड मीटरची केबल लावली. एलएसयूएसबीमध्ये नाव आलं आणि टिकलं. मी खूश. आत्याने चहा टाकला.

तरी छपाई नाहीच.

लिनक्सवर छपाईचा कारभार कप्स सांभाळतो. मायकेल स्वीटने लिहिलेला, १९९९ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलेला. २००७ मध्ये ॲपलने तो विकत घेतला, म्हणजे मॅकवरही हाच. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे ६३१ टाकलं की त्याचं पान उघडतं. तिथे प्रिंटरच्या रांगेसमोर लिहिलं होतं की ती थांबवलेली आहे. केबलच्या भानगडीत ती कधीतरी बंद पडली होती, आणि एकदा बंद पडली की केबल नीट झाली म्हणून आपोआप उठत नाही, हात धरून उठवावी लागते. हे माहीत नसलेला माणूस दिवसभर केबली बदलत बसेल. कप्सइनेबल ही आज्ञा आणि रांगेचं नाव, एवढ्यावर ती सुरू झाली. अडकलेल्या अकरा प्रिंट मी आधीच रद्द केल्या होत्या.

आता पान पाठवलं तर स्क्रीनवर काम पूर्ण असा शेरा. प्रिंटरमधून काहीही नाही. दिवा लुकलुकला नाही, रोलर हलला नाही. आत्या म्हणाली, “पूर्ण झालं म्हणतोय? कुठे झालं?”

इथून पुढचे तीन तास थोडक्यात आटोपते, कारण त्यात अभिमानाने सांगावं असं काही नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. त्याच्या भावंडांपैकी एका मॉडेलचा निवडून पाहिला. कप्सच काढून पुन्हा टाकला. मशीन चार वेळा रीस्टार्ट केलं. दुपारी जवळच्या एका दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, “मैडम, ये तो कबाड़ है, नया ले लो.” मी ते आत्याला सांगितलं नाही.

शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं. कप्सची डिबग नोंद, म्हणजे प्रत्येक पायरीची तपशीलवार नोंद, चालू केली आणि एक पान पाठवून एररलॉग वाचला. पीडीएफचं पान कोणकोणत्या फिल्टरमधून गेलं ते त्यात क्रमाने येतं: पीडीएफ, मग घोस्टस्क्रिप्ट, मग त्या प्रिंटरची भाषा बोलणारा ड्रायव्हर, शेवटी यूएसबीवर डेटा सोडणारा बॅकएंड. प्रत्येक जण आपापलं काम चोख करून बाहेर पडलेला. डेटा पाठवला गेला होता. म्हणजे पत्र पोस्टात पडलं, पोस्टमनने दारात टाकलं, घरात वाचणारं कोणी नव्हतं.

मी लॉगकडे बघत बसले होते. आत्या मागे वाटाणे सोलत होती. मी प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला, रोलर घुर्रर्र करून थांबले, आणि ती म्हणाली, “एकदाच?”

“काय एकदाच?”

“अगं, तो चालू केला की दोनदा घुरघुरायचा. एकदा लगेच, मग जरा थांबून, चार-पाच मात्रांनी, पुन्हा. दुसरा आवाज जरा वरच्या पट्टीत असायचा. दिवाळीपासून एकदाच करतोय.”

मी तिच्याकडे पाहतच राहिले. मग डोक्यात दिवा लागला.

काही स्वस्त लेझर प्रिंटर असे बनवले जातात की त्यांच्या पोटात स्वतःची बुद्धी कायमची ठेवलेलीच नसते. चिपचा खर्च वाचतो. वीज मिळाली की प्रिंटर फक्त इतकाच जागा होतो की यूएसबीवर आपलं नाव सांगता येईल. खरं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम, दर वेळी कॉम्प्युटरने पाठवायचं, ते प्रिंटरच्या तात्पुरत्या मेमरीत बसतं, आणि मग तो नव्याने सुरू झाल्यासारखा पुन्हा एकदा रोलर फिरवतो. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करत होता. आमच्या लिनक्सवर ड्रायव्हर होता, पण फर्मवेअरची फाइल नव्हती. ती कंपनीची मालमत्ता, म्हणून मुक्त ड्रायव्हरच्या पॅकेजसोबत वाटता येत नाही, वेगळी उतरवावी लागते. म्हणूनच कप्सला सगळं ठीक वाटत होतं. बिनफर्मवेअरचा प्रिंटर मिळालेला डेटा नाकारत नाही, गिळून टाकतो.

फाइल मिळवली. ती उघड्या नळीतून ढकलावी तशी थेट प्रिंटरच्या डिव्हाइसमध्ये ओतायची असते. मी सुडो (मुख्य खात्याच्या अधिकाराने चालव) कॅट (फाइल ओत) लिहून पुढे बाणाने डिव्हाइसचं नाव दिलं. परवानगी नाकारली. पुन्हा दिलं, पुन्हा नाकारली. शाळेत मुलांना मी स्वतः हे शिकवते आणि स्वतःच विसरले: सुडो फक्त कॅटला लागू होतं, बाणाचं काम आपला साधा शेल, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, करतो, आणि त्याला तिथे लिहायचा अधिकार नाही. ते डिव्हाइस रूटचं, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचं, आणि एलपी या छपाईच्या गटाचं. मग सरळ सुडो सीपीने फाइल त्या डिव्हाइसवर कॉपी केली.

काही झालं नाही. डीमेसेज पाहिलं, तर शेवटची ओळ: यूएसबीएलपी०, ऑन फायर.

मी खरंच उठून प्रिंटरचा वास घेतला.

ही कर्नलवाल्यांची जुनी थट्टा आहे, तेव्हा आठवली नाही. लिनक्सच्या यूएसबी प्रिंटर मॉड्यूलला प्रिंटरच्या चारच अवस्था माहीत आहेत: ठीक, कागद संपला, ऑफलाइन आणि पेटला. कागद आहे, प्रिंटर ऑनलाइन आहे, तरी तो काहीतरी चूक आहे म्हणतोय, मग कर्नलच्या मते तो पेटलेला असणार. आमच्याकडे मघाशी मी टोनर पाहायला उघडलेलं झाकण खट्ट करून बसलं नव्हतं, इतकंच. झाकण दाबलं, फाइल पुन्हा पाठवली.

घुर्रर्र. चार-पाच मात्रांनंतर.

“हाच,” आत्या म्हणाली.

पहिलं पान आलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. भैरवाची बंदिश. मी ते आत्याच्या हातात दिलं आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. तिने चष्मा लावला, पहिली ओळ मनात गायली, आणि कागद परत दिला. “हा भैरव नाही. कोमल कुठे गेले?”

भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. टाइप करताना मी त्यासाठी वेदातल्या अनुदात्ताचं चिन्ह वापरते, रे॒, ध॒, ते बरोबर अक्षराखाली बसतं. स्क्रीनवर रेघा होत्या. कागदावर फक्त रे आणि ध. कोमल ऋषभ-धैवत शुद्ध झाले की भैरवाचे स्वर बिलावलाचे होतात. मुलं तसंच पाठ करून परीक्षेला गेली असती.

फॉन्ट फुटला असेल म्हणून अर्धा तास घालवला. दोष माझाच निघाला. दुपारी टोनर वाचावा म्हणून मी ड्राफ्ट मोड लावून ठेवला होता. या ड्रायव्हरचा ड्राफ्ट मोड म्हणजे प्रत्येक दुसरा बिंदू पांढरा सोडायचा. जाड अक्षरं नुसती फिकी होतात, पण केसाएवढी रेघ आणि मंद्र सप्तकाचा टिंब यांच्यात उरायला काही राहतच नाही. मोड काढला, रेघ थोडी जाड केली. कोमल परत आले.

रविवारी सकाळी प्रिंटर पुन्हा मुका. रात्री वीज गेली होती, तात्पुरत्या मेमरीतलं फर्मवेअर तिच्यासोबत गेलं. हे दर वेळी आत्याने टर्मिनल उघडून करायचं, हे शक्य नव्हतं. तेव्हा फाइल फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये कायमची ठेवली आणि यूडेव्हचा, म्हणजे उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, एक नियम लिहिला: या ओळख-क्रमांकाचं उपकरण यूएसबीवर दिसलं की ही फाइल त्याला पाठव. क्रमांक एलएसयूएसबीच्या ओळीतच मिळतो, कंपनीचे चार अक्षर-आकडे, कोलन, मॉडेलचे चार. नियम पुन्हा वाचायला लावले, प्रिंटर बंद केला, चालू केला. आम्ही दोघी गप्प उभ्या. एक. आत्याने मांडीवर बोटांनी ताल धरला होता. दोन.

दुपारी एकशे चव्वेचाळीस पानं निघाली, मधे एकदा कागद अडकला तेवढाच. संध्याकाळी मुलं येऊन कागद घेऊन गेली. मी बॅग भरत होते तर आत्या लाल पेन्सिल घेऊन शिल्लक प्रतीवर बसलेली. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत तार षड्जावर टिंब नव्हता.

“पुन्हा ड्राफ्ट लागला की काय?” मी घाबरून विचारलं.

“नाही गं,” ती म्हणाली, “हा तू टाइपच केलेला नाहीस.”