लायब्ररी गेली नव्हती, पेनड्राइव्ह अडकला होता

मी सांगलीत सीसीटीव्ही, वायफाय, होम थिएटर अशी कामं करतो. त्यातलं मला मनापासून आवडणारं काम म्हणजे मीडिया सेंटर. टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यात लिब्रेइलेक ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून कोडी, म्हणजे टीव्हीवर व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर, शेजारी एक हार्डडिस्क, झालं. ज्या घराबद्दल लिहितोय तिथले काका एसटीतून रिटायर झालेले आणि तरुणपणापासून हौशी नाटकवाले. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं त्या गावात असं वेड घरटी एक तरी सापडतं. काकांकडे त्यांच्या ग्रुपच्या प्रयोगांच्या व्हीएचएस कॅसेट होत्या, त्या त्यांनी पदरमोड करून डिजिटल करून घेतल्या आणि मग रोज दुपारी रिमोट हातात घेऊन एकेका प्रयोगाला नाव दिलं, जुना फोटो पोस्टर म्हणून लावला, नटांप्रमाणे प्लेलिस्ट केल्या. त्यातले काही नट आता हयात नाहीत.

त्या शनिवारी दुपारी काकांचा फोन आला तेव्हा आवाजच बसलेला होता. म्हणाले, "अरे, सगळं गेलं. भाच्यानं अपडेट मारलं आणि सगळं गेलं, संध्याकाळी सात वाजता ग्रुपची सगळी मंडळी बघायला येणारेत." मागून भाच्याचा आवाज, "मामा, मी फॉरमॅट मारून परत टाकतो ना, अर्ध्या तासाचं काम आहे." मी म्हटलं, काका, फोन स्पीकरवर टाका, आणि भाच्याला सांगितलं की बॉक्स चालू असू दे, कार्ड काढू नको, स्क्रीनवर काहीही विचारलं तरी होय दाबू नको, मी निघालो.

फॉरमॅटचं ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला होता. लोकांना वाटतं व्हिडिओ हार्डडिस्कवर आहेत म्हणजे सगळं सेफ आहे. व्हिडिओ सेफ आहेत हो, पण काकांनी दिलेली नावं, पोस्टर, प्लेलिस्ट, कुठला प्रयोग कुठपर्यंत बघितला ते सगळं कोडी एसडी कार्डावरच्या युजरडेटा फोल्डरमध्ये ठेवतं. कार्ड पुसलं की काकांचं एवढ्या दुपारांचं काम गेलं.

पोचलो तेव्हा स्क्रीन अशी होती: काकांची आवडती स्किन, म्हणजे स्क्रीनची सजावट, जाऊन कोडीची मूळची आलेली, अॅड-ऑनच्या, म्हणजे कोडीत वरून टाकलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, यादीत निम्म्यांपुढे डिसेबल्ड, आणि लायब्ररीत, म्हणजे कोडीतल्या व्हिडिओंच्या यादीत, प्रयोगांची नावं दिसतायत पण कुठल्याही नावावर ओके दाबलं की एक खिडकी उघडते, ही फाइल आता उपलब्ध नाही, लायब्ररीतून काढून टाकू का? घाबरलेल्या माणसाचा अंगठा होयवरच जातो. काकांनी एका प्रयोगावर दाबलं होतंच, तेवढी एक नोंद उडाली. मला विचाराल तर कोडीतली सगळ्यात धोकादायक खिडकी हीच, कारण फाइल कुठेही गेलेली नसते, फक्त तिथवर जायचा रस्ता बदललेला असतो. त्याहून वाईट म्हणजे क्लीन लायब्ररी हा पर्याय, तो एकदा चालवला की अशा सगळ्याच नोंदी एका दमात साफ होऊ शकतात. भाचा तेच करणार होता, नेटवर कुठेतरी वाचून.

पहिलं काम केलं ते लॅपटॉपवरून बॉक्सला जोडून अख्खा युजरडेटा कॉपी करून घेतला. कॉपी होता होता डेटाबेसचा, म्हणजे या सगळ्या नोंदींचा, फोल्डर काकांना दाखवला. त्यात मायव्हिडिओज ११६ आणि मायव्हिडिओज १२१ अशा दोन फाइली शेजारी शेजारी. ११६ ही कोडी १८ ची, १२१ ही कोडी २० ची. कोडी नवीन व्हर्जनला जाताना जुनी फाइल खोडत नाही, तिच्यावरून नवीन बनवतं आणि जुनी आहे तशी ठेवतं. म्हटलं, काका, हे बघा, तुमचं सगळं इथे आहे, दोन-दोन वेळा आहे. तेव्हा ते खुर्चीत नीट टेकून बसले.

मग भाच्याला शेजारी घेतलं, कारण पोरगा हुशार आहे आणि त्यानं वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. अॅड-ऑन बंद का पडले ते सांगितलं. कोडी १९ पासून, म्हणजे २०२१ पासून, कोडीनं अॅड-ऑनसाठी पायथन २ ही प्रोग्रॅमिंगची भाषा सोडून पायथन ३ घेतलं, पायथन २ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला होता. जुन्या पायथनवर लिहिलेला अॅड-ऑन नवीन कोडी चालवतच नाही, बंद करून बाजूला ठेवतं. त्याची नवीन आवृत्ती रिपॉझिटरीत, म्हणजे नेटवरच्या अॅड-ऑनच्या साठ्यात, असेल तर आपोआप उतरवून घेतं. म्हणजे हे बिघडणं नाही, ठरलेलं आहे. प्रश्न असा होता की नवीन आवृत्त्या उतरत का नव्हत्या. स्क्रीनवर नुसतं येत होतं, रिपॉझिटरीशी कनेक्ट होता येत नाही. पण त्याच वायफायवर फोनला नेट धो धो.

कोडी लॉग उघडला, त्यात काय काय घडलं ते कोडी लिहून ठेवतं. अशा वेळी सेटिंगमध्ये चाचपडत बसण्यापेक्षा मी आधी लॉगच वाचतो, पाच मिनिटं लागतात आणि दोन तास वाचतात. त्यात कर्लचा, म्हणजे नेटवरून फाइली आणणाऱ्या भागाचा, साठ नंबरचा एरर ओळीमागून ओळी, सर्टिफिकेट, म्हणजे समोरच्या सर्व्हरचं ओळखपत्र, ओके नाही म्हणून. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख होती मागच्या वर्षाची.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ते टीव्हीवरचं घड्याळ तर नवीन वायफाय बसवल्यापासून चुकतंय, त्यावरचा माझा रेडिओ पण तेव्हाच बंद पडला, मी सांगत होते, कोण ऐकतंय." मी चहाचा कप तसाच ठेवला आणि म्हटलं, काकू, परत सांगा, नवीन वायफाय कधी बसवलं? तर दोन महिने झालेले, इंटरनेटवाल्यानं राउटर बदलून दिला होता. अख्ख्या घरात बिघाड नेमका कधी सुरू झाला हे फक्त काकूंना माहीत होतं.

काकांचा बॉक्स म्हणजे रास्पबेरी पाय ४, त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट गेली की त्याला वेळ कळत नाही, चालू झाल्यावर तो नेटवरच्या टाइम सर्व्हरला विचारतो, आणि उत्तर आलं नाही तर सिस्टीम ज्या दिवशी बनवली साधारण त्या दिवसापासून मोजायला लागतो. आता रिपॉझिटरीचं सर्टिफिकेट यावर्षीचं आणि बॉक्सच्या मते अजून मागचं वर्ष चालू, म्हणजे त्याच्या हिशोबानं ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही, मग तो दार उघडणार कसा. खात्री करायला भाच्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. काही सेकंदात कोपऱ्यातलं घड्याळ उडी मारून आजच्या वेळेवर आलं आणि अॅड-ऑन एकामागोमाग एक धडाधड अपडेट व्हायला लागले, भाचा ओरडलाच, "मामी, तुमचा रेडिओ आला!"

राउटरमध्ये शिरून बघितलं तर फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचा पहारा, हायवर ठेवलेली. त्या मॉडेलमध्ये हायवर वेबसाइट आणि मेल सोडून बाकी सगळं अडवलं जातं, त्यात टाइम सर्व्हरचा १२३ नंबरचा पोर्ट पण आला. मीडियमवर आणली, बॉक्स परत वायफायवर घेतला, घड्याळ बरोबर.

पण लायब्ररी तशीच. ही दुसरी गाठ, आणि ती सुटल्यावर सगळी साखळी डोळ्यासमोर आली. लायब्ररीत प्रत्येक प्रयोगाचा पत्ता एसडीए१ नं सुरू होत होता आणि हार्डडिस्क मात्र आता एसडीबी१ नावानं लागलेली (डिस्क ज्या क्रमानं सापडतील तशी सिस्टीम त्यांना एसडीए, एसडीबी अशी नावं देते). काकांच्या डिस्कला लेबल, म्हणजे आपण दिलेलं नाव, नव्हतं, लेबल नसलं की लिब्रेइलेक डिस्क ज्या अक्षरावर सापडेल त्यावरून फोल्डरचं नाव देतं. मग एसडीए कुणी घेतलं? टीव्हीमागे हात घालून चाचपलं तर बॉक्सला एक छोटासा काळा पेनड्राइव्ह लागलेला. बॉक्सला नेटवरून अपडेट मिळत नव्हतं म्हणून भाच्यानं अपडेटची फाइल त्यातून आणली होती आणि तो तिथेच राहिला. हार्डडिस्क फिरून जागी व्हायला वेळ घेते, पेनड्राइव्ह लगेच हजर होतो, त्यानं पहिला नंबर लावला. पेनड्राइव्ह काढला, बॉक्स रीस्टार्ट केला, काकांनी स्वतः रिमोट घेऊन एका प्रयोगावर ओके दाबलं आणि नाटकाची तिसरी घंटा वाजली. म्हणजे फॉरमॅट मारून परत सगळं टाकलं असतं तरी घड्याळ चुकलेलंच राहिलं असतं, अॅड-ऑन उतरलेच नसते आणि काकांची मेहनत मात्र कायमची गेली असती.

उडालेला एक प्रयोग परत स्कॅन करून आणला, पोस्टर काकांनी बसवलं. बाहेरच्या झिप फाइलवरून टाकलेला एक अॅड-ऑन होता त्याची नवीन आवृत्ती कुठेच नव्हती, तो काढून टाकला आणि बाहेरून अॅड-ऑन टाकू देणारं अननोन सोर्सेस हे सेटिंग बंद केलं, फुकट सिनेमे दाखवणारे असले झिप मी कुणाच्याच घरी ठेवत नाही, त्यात कुणी काय घातलंय सांगता येत नाही.

मंडळी सातच्या आधीच आली. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात जाऊन डिस्कला नाटक असं लेबल दिलं आणि कोडीच्या अॅडव्हान्स्डसेटिंग्ज फाइलमध्ये जुना पत्ता नव्या पत्त्याला जोडला, आता शेजारी काहीही लावलं तरी डिस्कचं नाव हलत नाही. युजरडेटाची एक कॉपी भाच्याच्या लॅपटॉपवर असते, ती दर महिन्याला नवीन करायचं काम त्यानं स्वतःहून अंगावर घेतलंय. इंटरनेटवाल्यालाही फोन करून फायरवॉलचं सांगितलं, कारण त्याच गल्लीत त्यानं तेच राउटर बऱ्याच घरात बसवलेत.