वाती थांबल्या तिथे खूण

रविवार, रात्र

आज नावाड्याचा आवाज गेला.

गोदामात सोयाबीनच्या पोत्यांवर आम्ही पाच जण बसलो होतो. पुतण्या, त्याचा दोस्त, गिरणीवाले भाऊ, शाळेतल्या मॅडम आणि मी. खेळ तोच, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होऊन बोलतात, आणि एखादी गोष्ट जमली की नाही ते फासा ठरवतो. गोष्ट सांगणारा मी. राज्य मात्र माझ्या कादंबरीतलं. तिथल्या राजाने नदी गहाण टाकली आहे आणि ती जमिनीखाली राहणाऱ्या सावकाराच्या पेटीत बंद आहे. राणी ती सोडवायला निघाली आहे. तिला होडीतून नेणारा नावाडी पुतण्याचा.

सावकाराला बोलण्यात गुंतवायचं होतं. वीस बाजूंच्या फाशावर पंधरा किंवा वर पडायला हवं होतं. वीसात सहा बाजू, म्हणजे शंभरात तीस. पुतण्याने फासा टाकला आणि एक पडला.

पहिल्या वर्षी हे फासे आमच्याकडे नव्हते. फोडलेले चिंचोके टाकायचो आणि पांढरे किती पडले ते मोजायचो. सहा टाकले तर चौसष्ट तऱ्हांनी पडतात, त्यातल्या वीस तऱ्हांत तीन पांढरे. सगळेच पांढरे फक्त एका तऱ्हेत. म्हणून तेव्हाचा खेळ मवाळ असायचा, फार वाईट सहसा कोणाचं व्हायचं नाही. काकूनं एकदा नुसतं पाहून सांगितलं होतं, "चिंचोके मंधातलंच बोलतेत." वीस बाजूंच्या फाशाला मधलं-कडेचं काही नाही. एकही तेवढाच पडतो आणि वीसही तेवढाच.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी होतो, पण फासा सगळ्यांसमोर पडला होता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं, सावकाराने नावाड्याचा आवाज तारण म्हणून ठेवून घेतला. पोरगं बराच वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, "जाऊ द्या काका. मुका झाला त झाला. नाव त हाकलते न."

कादंबरीत मी हे कधीच केलं नसतं. नावाडी माझा लाडका होता.

घरी येताना नळ राजाची आठवण येत राहिली. दमयंतीचं कुंडिनपूर म्हणजे वर्धेच्या काठचं आपलं कौंडिण्यपूर, इथून सायकलने जाता येतं. नळ फाशांत राज्य हरला. पुढे ऋतुपर्ण राजाचा रथ हाकत तो कुंडिनपुराकडेच येत होता, तेव्हा वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्णाने नुसत्या नजरेने सांगितलं, दोन फांद्यांवर दोन हजार पंच्याण्णव फळं. नळाने झाड पाडून मोजली, तेवढीच भरली. लहानपणी मला ही जादू वाटायची. नंतर कळलं की जुन्या जुगारात बेहड्याची फळंच फासे होती, आणि मोजून चाराचे गट पडायचे. काही उरलं नाही तर कृत, एक उरलं तर कलि. म्हणजे नजरेनं मोजता येणं हेच जुगाराचं वर्म. ते हाती आलं आणि नळाला झपाटून फाशांत हरवणारा कलि त्याच्या अंगातून बाहेर पडून त्याच झाडात शिरला.

एक तेव्हाही वाईटच होता.

मंगळवार, रात्री उशिरा

काकूनं या चातुर्मासात लाख वातींचा नेम धरला आहे. जेवणं झाली की ती ओसरीत बसते, घरच्या कापसाची रुई मांडीवर घेते आणि वळू लागते. मी समोर बसून त्या दिवसाचं लिहिलेलं वाचतो. गोष्ट बरी असली की हात चालूच राहतात. गोष्ट लागली की अर्धी वळलेली वात बोटांत राहते. हे तिचं तिला ठाऊक नाही. मी पेन्सिलीने समासात एक टिंब करतो आणि पुढे वाचतो. तोंडाने ती फक्त "बरं हाय" म्हणते, म्हणून तिच्या तोंडापेक्षा हातांवर माझा भरवसा.

आज राणीचं सावकारापुढचं भाषण वाचलं. दोन पानं, सगळी प्रमाण मराठी. पंधरा दिवस घासूनपुसून केलेली. हात एकदाही थांबले नाहीत. उलट वाती भराभर होऊ लागल्या.

टिंबं तीन पडली आणि तिन्ही नावाड्याची. रविवारनंतर मी त्याचं प्रकरण नव्यानं लिहिलं होतं. आवाज जायच्या आधी तो राणीला म्हणतो, "नदी गहाण हाय राणीबाई, पन तहान कोन गहाण ठेवते?" तिथे पहिलं. दुसरं, तो पहिल्यांदा बोलायला जातो आणि नुसतं तोंड उघडतं तिथे. तिसरं, राणीच्या हाकेला तो वल्ह्याने होडीच्या काठावर दोनदा ठोकतो तिथे.

वाचन संपल्यावर ती म्हणाली, "तुह्या गोष्टीपायी माह्या वाती मागं पडून रायल्या, बाबू."

ऐकून अंगावर काटा आला, कारण ही तक्रार मला आधीच माहीत होती. कथासरित्सागरात गुणाढ्याची गोष्ट आहे. सातवाहन राजाला व्याकरण शिकवण्यावरून त्यानं पैज लावली आणि तो हरला. अटीप्रमाणे संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून मुका झाला. पुढे पैशाची, म्हणजे पिशाचांची भाषा, शिकला आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची कथा रक्तानं लिहिली. राजाने ती हिणवून परत पाठवली. मग गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळू लागला. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात मांस कोरडं येऊ लागलं. शिकाऱ्यांना विचारलं तर कळलं की जनावरं चरायचीच थांबली आहेत, डोळ्यांत पाणी घेऊन ऐकत उभी आहेत. राजा धावत पोचला तोवर सहा लाख जळाले होते. एक लाख उरले.

कितीदा वाचली असेल ही गोष्ट. पण तो फाशासारखीच पैज हरून मुका झाला होता, आणि ज्या भाषेला दरबारात मान नव्हता तिच्यातच त्याला गोष्ट सापडली, हे आजवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझी राणी या मातीतली. तिच्या तोंडी मी दरबाराची भाषा घातली, कारण आपली बोली नावाड्याला शोभते, राणीला नाही, असं माझ्याही मनात कुठेतरी बसलं होतं. याची मला आज फार लाज वाटली. गोदामात मॅडम राणी खेळतात तेव्हा सरळ म्हणतात, "माही नदी दे." समोर बसून ऐकत होतो, तरी लिहिताना ते विसरलो.

बुधवार, पहाट

रात्री अकराला थ्री फेज आली, हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो. बांधावर बॅटरी दातांत धरून वहीत लिहिलं. दोन पानांच्या चार ओळी झाल्या. राणी आता सावकाराला सांगते, "माह्या मानसाचा आवाज तू ठेवला, मंग माहाही ठेव. पन पेटी उघड." पुढे ती काय करेल ते मला माहीत नाही. रविवारी फाशावर टाकून पाहू, मॅडमच टाकतील.

ओळी मोठ्यानं म्हणून पाहिल्या. वाफ्यात पाणी फिरत होतं, दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी काकूसमोर वाचायच्या आहेत. त्रिपुरी पौर्णिमेला एकोणीस दिवस उरलेत आणि तिच्या अजून नऊ हजार वाती बाकी आहेत.