बीबीचा उजवा कप जाम झाला तेव्हा

आधी मुद्द्याचं. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचा एक्सल ज्यात फिरतो ते फ्रेमच्या तळाचं नळकांडं. त्याच्या दोन्ही टोकांना आट्यांवर बसणाऱ्या, छर्रे धरणाऱ्या वाट्या म्हणजे कप. बहुतेक सायकलींचा चेनकडचा, म्हणजे उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. उजवीकडून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की सुटतो, उलट फिरवला की आवळतो. पायडल मारताना भार गोल फिरत राहतो आणि त्याने कप हळूहळू उलट दिशेला सरकायला बघतो. सरळ आटे असते तर तो आपोआप सैल झाला असता, म्हणून ही उलटी सोय. हे ज्याला पाठ असायला हवं त्या मेकॅनिकनेच पान्याला पाइप लावून चुकीच्या दिशेने जोर लावला. कपाच्या दोन्ही सपाट कडा गोल झाल्या आणि पाना लागायचं बंद झालं. वर ऐकायला मिळालं, ‘फ्रेमच जुनी आहे हो.’

फ्रेम जुनी होती हे खरं. लोखंडी, दांडीवाली, कॉटर पिनची (पायडलचा दांडा एक्सलला धरून ठेवणारी खीळ). नाशिकमध्ये सातपूरला पावडर कोटिंगला (भट्टीत भाजून बसवायच्या रंगाला) टाकायची होती आणि तिथे कप काढूनच फ्रेम न्यावी लागते. आधी सँडब्लास्टची रेती, मग १८०–२०० अंशांची भट्टी. त्यातून गेलेल्या कपात पुन्हा छर्रे घालण्यात अर्थ नाही. चाकं, फोर्क, हँडल एका संध्याकाळी मोकळं झालं. कॉटर पिना निघाल्या, डावा कप लॉकरिंग (त्याला जागेवर धरणारी कडी) सैल करून हाताने आला. उजवा मात्र तीन आठवडे अडून बसला.

गंज आतून धरतो. सीटच्या नळीतून पावसाचं पाणी खाली उतरतं आणि बीबीच्या नळकांड्यात साठतं. त्र्यंबक रोडला चार पावसाळे चाललेली सायकल असेल तर आत काय असेल ते उघडायच्या आधीच समजावं. त्यामुळे बाहेरून फवारा मारून भागत नाही, तेल आतून द्यायला हवं. फ्रेम उजव्या बाजूवर आडवी ठेवायची, कपाच्या मधल्या भोकात बाहेरून बूच दाबून बसवायचं आणि डावीकडून आत तेल ओतायचं. ते कपाच्या वाटीत साचतं आणि कडेने आट्यांत झिरपतं. गंज सोडवणारं कुठलंही पातळ तेल चालतं. रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळलं तरी काम होतं. तीन दिवस तसंच ठेवून रोज नळकांड्यावर, कपाच्या अगदी कडेला, गोल फिरत हलक्या हातोडीच्या टिचक्या मारायच्या. कपावर मारायचं नाही. तो कडक केलेल्या पोलादाचा असतो, छिन्नी लावली की वाकत नाही, तुकडा उडतो.

कडा शाबूत असतील तर वाईस (टेबलाला बसवलेला शिकंजा) सगळ्यात सोपा. कप खाली, वाईसच्या जबड्यात पक्का, आणि अख्खी फ्रेम हीच लांब दांडी. उजवी बाजू खाली असल्यामुळे वरून बघताना फ्रेम घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायची. इथेच डोकं चक्रावतं, म्हणून खडूने बाण काढून घ्या. माझ्या कडा गेलेल्या होत्या, वाईसही सटकला.

शेवटी कामी आला १६ मिमीचा बोल्ट. ८.८ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा, ६० मिमी लांब. साधा घेतलात तर आटे सोलतात. अंबडला औद्योगिक वसाहतीत नट-बोल्टच्या दुकानात सुटा मिळतो. आधी तो कपाच्या भोकातून जातो का बघा. मग डोक्यापाशी जाड वॉशर घालून बोल्ट आतून बाहेर काढायचा. वॉशर वाटीत बसत नसेल तर ग्राइंडरवर कडा घासून लहान करायचा. बाहेरून दातेरी वॉशर आणि नट. डावीकडून एक्स्टेन्शनवर २४ चं सॉकेट आत घालून डोकं धरायचं आणि नट आवळायचा. सॉकेट जाड भिंतीचं असेल तर नळकांड्यात शिरत नाही, पातळ भिंतीचं बघून घ्या. नट पुरता आवळला की आतलं सॉकेट काढायचं आणि नट त्याच दिशेने फिरवत राहायचं. गंमत अशी की नट आवळायची आणि कप सुटायची दिशा एकच आहे. जितका जोर लावाल तितकी पकड घट्ट, सटकायचा प्रश्नच नाही.

तेल फक्त आट्यांत हवं. कपाचा बाहेरचा चेहरा, वॉशर आणि नटाचा तळ पेट्रोलच्या फडक्याने कोरडे पुसा, नाहीतर नट कपावर नुसता घसरत राहतो.

माझा तरी हलला नाही. मग ब्लो टॉर्चने नळकांडं चहूबाजूंनी तापवलं, लाल होऊ न देता. त्याआधी तेल पुसून घेतलं, ते पेट घेतं. रंग जळाला, पण तो तसाही जाणारच होता. रंग ठेवायचा असेल तर टॉर्चच्या वाटेला जाऊ नका. पान्यावर तीन फुटी पाइप चढवला, एक झटका, आणि बंदुकीसारखा ‘टक्’. पाव वळशानंतर आट्यांतून तपकिरी भुगा गळायला लागला. पुढचं हाताने.

खरं तर हे वर लिहायला हवं होतं: नुसतं ग्रीस बदलायचं असेल तर उजव्या कपाला हातच लावू नका. डावीकडून एक्सल काढा, कप जागेवरच रॉकेलने धुवा, बोट फिरवून बघा. खड्डे लागले नाहीत तर तो तिथेच बरा. आणि इटालियन आट्यांच्या फ्रेममध्ये दोन्ही कप सरळ आट्यांचे असतात. तिथे नळकांडं ७० मिमी रुंद असतं, इंग्लिश, म्हणजे वर सांगितलेल्या आट्यांचं सहसा ६८, तेव्हा आधी मोजून घ्या.

कोटिंगला देताना आटे झाकायला सांगा, जुने गंजके कप हलके पिळून दिले तरी चालतं. नंतर आट्यांना भरपूर ग्रीस, दोन्ही बाजूंना पाव इंची ११-११ सुटे छर्रे, आणि उजवा कप पूर्ण बसेपर्यंत आवळायचा. काट्याच्या उलट दिशेने.